पंधरा ग्रॅम कॉस्टिक आणि एक ससा

वाचक विचारतात

*'नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. चार वर्षांपासून घरी साबण करते, ओळखीच्यांत आणि बचत गटातर्फे विकते. एक किलो खोबरेलाला १७५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, थोडी हळद आणि कडुनिंबाची पावडर, असं माझं माप आहे. कधी तक्रार आली नव्हती. यंदा खोबरेल फार महागलं म्हणून दिवाळीच्या बॅचला अर्धं खोबरेल आणि अर्धं घाण्याचं करडईचं तेल घेतलं. बाकी माप तेच. रंग तर नेहमीपेक्षा छान आला, नेहमी भगवट पिवळा येतो तो यंदा विटकरी लाल. पण अभ्यंगस्नानानंतर तिघींनी सांगितलं की अंग ओढल्यासारखं होतं, हात चुरचुरतात. शेजारच्या लहान मुलाच्या डोळ्यात फेस गेला, डोळा दोन दिवस लाल होता.*

*संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर गटाचा स्टॉल आहे. त्याआधी खात्री करायची आहे. माझा पुतण्या बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, "काकू, आमच्यात सशावर टेस्ट असती. पाठीवरचे केस काढून साबण लावायचा, एका डोळ्यात थेंब टाकायचा, तीन दिवस बघायचं. घरात बंड्या आहेच की." बंड्या म्हणजे माझ्या मुलीचा पांढरा ससा. ती अकरा वर्षांची आहे. हे ऐकल्यापासून ती चुलतभावाशी बोलत नाही आणि रात्री ससा उशाशी घेऊन झोपते. गटातल्या मैत्रिणी उलट म्हणतात, लेबलवर "क्रूरतामुक्त" छाप, खप वाढेल. मी काय करू?'*

ताई,

आधी ससा मुलीकडे कायमचा सोपवा आणि पुतण्यासमोर तिला तसं सांगा. मग पुढचं वाचा.

त्याच्याही आधी खरं तर शेजारच्या त्या मुलाकडे जाऊन या. लाली गेली असेल, पण उजेडात डोळा मिटत असेल, पाणी येत असेल किंवा धूसर दिसतं म्हणत असेल तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्यांना 'कॉस्टिकचा साबण' हे शब्द सांगा. नुसतं 'साबण गेला' म्हणू नका. उरलेल्या वड्या विकणं थांबवा, गेलेल्या परत मागवा. चारचौघींत तोंड लहान होईल, होऊ द्या.

आता तुमच्या साबणाचं. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, दोनदा आहे.

प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी असते. एक किलो खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. तुम्ही १७५ घालत होतात, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहायचं आणि अंगाला मऊ लागायचं. माप कुणी दिलं असेल त्याने बरोबर दिलं होतं. करडईची भूक मात्र किलोला १३६ ग्रॅमच्या आसपास. आता अर्धा-अर्धा किलोचा हिशेब करा: खोबरेलाचे साडेएक्याण्णव, करडईचे अडुसष्ट, मिळून १६० ग्रॅम. तुम्ही १७५ घातलं. पंधरा ग्रॅम कॉस्टिकला तेलच मिळालं नाही. ते वड्यांत तसंच बसून राहिलं, शंभर ग्रॅमच्या वडीमागे एक ग्रॅमच्या आसपास. अंग चुरचुरतंय ते करडईने नाही आणि कडुनिंबानेही नाही.

दुसरं उत्तर हळदीने दिलं होतं. तुम्ही त्याला छान रंग म्हणालात. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. खार, म्हणजे अल्कली, वाढला की हळद लालावते. चांगल्या साबणातही थोडा खाराचा गुण असतोच, त्याचा सामू (पीएच) ९ ते १० असतो, म्हणून तुमची वडी एरवीही भगवट दिसायची. विटकरी झाली तिथेच हात थांबायला हवा होता. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका, पण नेहमीचा रंग बदलला तर कारण शोधल्याशिवाय वडी घराबाहेर जाऊ देऊ नका.

तुमच्या भागात कॉस्टिकची ओळख करून देणं म्हणजे सिद्धेश्वर तळ्याचा पत्ता सांगण्यासारखं आहे. चादरीचं सूत रंगवणाऱ्या घरांत कॉस्टिक आणि हायड्रोस हे शब्द पोरं बोलायला लागल्यापासून ऐकतात. गल्लीत डाईंगमध्ये काम केलेले कुणी आजोबा असतील तर त्यांची बोटं बघा. डोळ्यात ते जास्त वाईट का, तेही ऐकून ठेवा. आम्ल डोळ्यावर पडलं की वरचा थर गोठतो आणि बऱ्याचदा तोच थर पुढची वाट अडवतो. खाराचं तसं नाही. पेशींच्या आवरणात जे स्निग्ध असतं त्याचाच तो साबण करत आत शिरतो. तुमच्या पातेल्यात जे होतं तेच. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना पोराच्या डोळ्यात उडाली की डोळ्यांचे डॉक्टर एवढे का धास्तावतात, ते यावरून कळेल. असं कधी झालंच तर गुलाबपाणी नाही, दूध नाही, तूप नाही. नळाखाली पापण्या उघड्या धरून निदान पंधरा-वीस मिनिटं पाणी, आणि मग दवाखाना.

आता पुतण्याच्या चाचणीबद्दल. मुलगा खोटं बोलत नाही, अर्धवट बोलतोय. बी. फार्मच्या अभ्यासक्रमात त्वचेची आणि डोळ्याची दाहकता तपासायचं प्रात्यक्षिक आहे, पण ते आता पडद्यावर दाखवतात. त्याने खरा ससा धरलेला नाही. मी धरलाय.

१९८७ साली मी एम. फार्म करत होते. कॉलेजचं नाव राहू दे. एका शाम्पूचा नमुना आला होता. सहा पांढरे ससे होते. सशाला लाकडी पेटीत बसवायचं, डोकं तेवढं भोकातून बाहेर. खालची पापणी दोन बोटांनी ओढली की छोटी खोबण होते. तिच्यात ०.१ मिलिलिटर टाकायचं, म्हणजे जेमतेम दोन-तीन थेंब, आणि पापणी क्षणभर मिटून धरायची. दुसरा डोळा तसाच ठेवायचा, तुलनेला. मग एक तास, चोवीस तास, अठ्ठेचाळीस, बहात्तर, दर वेळी टॉर्च मारून गुण द्यायचे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा किती गढुळला, पापणीची आतली बाजू किती लाल झाली, सूज किती. एकूण ११० गुण, त्यातले ८० एकट्या त्या पडद्याचे. ससा ओरडत नाही. पुढचा पंजा तोंडाकडे न्यायला बघतो आणि पेटीमुळे तो पोचत नाही. पेटीच्या आतून पंजाचा खर्रखर्र आवाज येत राहतो. त्या कामासाठी ससाच का निवडला याचं कारण पुस्तकात 'शांत स्वभाव, मोठे डोळे, स्वस्त' असं दिलं होतं. पांढराच का, तर रंगद्रव्य नसल्यामुळे लाली चटकन दिसते.

आणि गुण? एकाच डोळ्याला माझ्या जोडीदारिणीने लालीचा एक दिला, मी तीन. सर म्हणाले, दोन लिहा. लिहिले. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत १९७१ साली वीसहून अधिक प्रयोगशाळांना तेच ते पदार्थ देऊन हीच चाचणी करायला लावली होती. एकीने सौम्य ठरवलेला पदार्थ दुसरीने तीव्र ठरवला. म्हणजे आमच्या दोघींचं भांडण एकट्या आमचं नव्हतं.

ही चाचणी दुष्टपणातून निघाली, असं मात्र मी म्हणणार नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांचे केस रंगवायचं एक प्रसाधन निघालं होतं, लॅश ल्यूर नावाचं. त्याने बायका आंधळ्या झाल्या, एक दगावली. ते बाजारातून काढायला सरकारकडे कायदाच नव्हता. १९३८ साली तो झाला आणि १९४४ मध्ये तिथल्या औषध खात्यातल्या जॉन ड्रेझ यांनी सशावर गुण मोजायची ही रीत बसवली. तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतं. आज आहे. माणसाच्या त्वचेच्या पेशी वाटीत वाढवून कातडीचा छोटा तुकडा तयार करतात, त्यावर पदार्थ लावतात आणि निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या तर त्याला दाहक म्हणतात. डोळ्यासाठी खाटिकखान्यातून आणलेले गाईचे किंवा कोंबडीचे डोळे वापरतात, जे एरवी फेकलेच गेले असते. कीटकनाशकं, रसायनं, औषधं यांच्यासाठी जगात अजून कुठे कुठे ससा वापरला जातो. पण तिथेही आधी कागदावर बघायचं असतं. ज्याचा सामू २ किंवा त्याच्या खाली, अथवा ११.५ किंवा त्याच्या वर आहे, त्याला थेट अपायकारक धरायचं आणि जनावराच्या वाटेला जायचं नाही, असंच आंतरराष्ट्रीय कार्यपद्धतीत लिहिलेलं आहे. कॉस्टिकचं पाणी त्या यादीत सगळ्यात वर येईल. जे खरोखरची प्रयोगशाळासुद्धा सशाच्या डोळ्यात टाकणार नाही, ते तुमचा पुतण्या बंड्याच्या डोळ्यात टाकायला निघालाय.

बरं, टाकलंच तर कळेल काय? सशाला तिसरी पापणी असते. तो आपल्यापेक्षा फार कमी वेळा डोळा मिचकावतो आणि त्याला पाणीही कमी येतं. त्याची कातडी आपल्यापेक्षा जास्त शोषून घेते. एका सशावर, एका वडीने, केस भादरताना झालेल्या ओरखड्यावर आलेली लाली बघून तुम्ही गड्ड्यातल्या गिऱ्हाइकाला काय सांगणार?

आता कायदा. भारतात सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला २०१४ पासून बंदी आहे, आणि परदेशात प्राण्यांवर तपासलेली आयात करायलाही त्याच वर्षीपासून. अंगाचा साबण यातच मोडतो. शिवाय कुठलाही प्राण्यावरचा प्रयोग नोंदणी असलेल्या संस्थेत, तिथल्या नैतिकता समितीच्या परवानगीनेच करता येतो, गॅलरीत नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याबद्दल १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड होता दहा ते पन्नास रुपये. पुतण्याला हा आकडा सांगू नका, तो पन्नास रुपये काढून देईल.

म्हणूनच 'क्रूरतामुक्त'चा शिक्काही मला पटत नाही. जे करायला बंदीच आहे ते आम्ही करत नाही, अशी जाहिरात म्हणजे दुकानावर 'आमच्याकडे वीजचोरी होत नाही' अशी पाटी लावणं. त्या जागेवर घटक लिहा. तेलं कोणती, कॉस्टिक, हळद, वास कशाचा ते, वजन, बॅच क्रमांक, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, तुमचं नाव-पत्ता. आणि 'डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा' ही ओळ डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरांत.

परवाना क्रमांकही लिहावा लागतो, आणि इथे तुमची अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. विक्रीसाठी साबण करायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत घरगुती किंवा बचत गट म्हणून सूट नाही. स्वतःची जागा त्या निकषांत बसवणं जड जाईल. पण परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावाने माल करून घ्यायची सोय आहे, त्याला लोन लायसन्स म्हणतात. गटाच्या अध्यक्षांना घेऊन सोलापूरच्या कार्यालयात एकदा जाऊन या. गड्ड्यापर्यंत ते जमलं नाही, तर स्टॉलवर यंदा शेंगा चटणी आणि कडक भाकरी ठेवा, ती खपेलच. साबण पुढच्या वर्षी. हे तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे.

पुतण्याला मात्र मोकळं सोडू नका. त्याच्याच कॉलेजातलं खरं काम त्याला द्या. साबणाचे चार तुकडे चार वेगवेगळ्या वड्यांच्या मधून कापून त्याच्याकडे द्यायचे. किसून, वजन करून, गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायचे आणि त्यात फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकायचा. गुलाबी झालं की मोकळं कॉस्टिक आहे. मग ब्यूरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, ठरावीक ताकदीचं आम्ल सोडत तो गुलाबी रंग घालवायचा, किती आम्ल लागलं त्यावरून किती कॉस्टिक उरलं होतं ते निघतं. पाण्यात विरघळवून हे करू नको म्हणावं, पाण्यात चांगला साबणही गुलाबी होतो आणि उगाच घाबरवतो. मास्तरांना विचारून प्रयोगशाळेत करू दे. दिवाळीच्या बॅचचे चार आणि गेल्या वर्षीची एखादी वडी कपाटात सापडली तर तिचा एक, असे पाच नमुने. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला हे यायलाच हवं. नाही आलं तर सशाच्या गप्पा बंद.

घरी सामूच्या पट्ट्या ठेवा. अकराच्या पुढे रंग गेला तर वडी बाद. नऊ-दहा दाखवला म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजू नका, साबणाच्या पाण्यात या पट्ट्या थोड्या गडबडतात.

कॉस्टिकचा हिशेब मिटला की उरतो प्रश्न हळद, कडुनिंब आणि तुम्ही जो वास घालता त्याचा. एखाद्याला त्याची ॲलर्जी असू शकते. त्यासाठी माणसं लागतात, आणि त्यांना सांगून, विचारून. पण केसांच्या रंगाला करतात तसं कोपराच्या लवणीत लावून अठ्ठेचाळीस तास ठेवणं साबणाला चालत नाही. साबण झाकून ठेवला तर उत्तम साबणही कातडी लाल करतो आणि तुम्ही चांगली बॅच फेकून द्याल. साबण जसा वापरतात तसाच वापरून बघायचा: एका हाताच्या कोपरापुढच्या भागाला, दिवसातून दोनदा, फेस करून धुवायचा, आठवडाभर. दुसऱ्या हाताला नेहमीचा साबण. पहिला हात तुमचा, मग गटातल्या ज्या स्वतःहून तयार होतील त्यांचा. लहान मुलं नाहीत, गरोदर बाई नाही, इसब असलेली नाही. डोळ्यात तर कुणाच्याच टाकून बघायचं नाही, स्वतःच्याही नाही. साबण डोळ्याला झोंबणारच, त्याची चाचणी नसते, त्याला इशारा असतो.

आता नवीन माप. अर्धं खोबरेल, अर्धं करडई असेल तर किलोला १५० ग्रॅम कॉस्टिक घ्या. १६० पुरतं, दहा ग्रॅम मुद्दाम कमी, म्हणजे तेल शिल्लक राहील. वाटीने किंवा चमच्याने नाही, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, आणि काटा प्रत्येक वेळी शून्यावर आणून. तेल बदललं की, ब्रँड नव्हे, जात बदलली की, हिशेब पुन्हा. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. डोळ्यांवर चष्मा लावून, आणि मुलीला त्या खोलीत न ठेवता. वड्या चार ते सहा आठवडे मुरू द्या.

दिवाळीच्या वड्या फेकू नका. हातात रबरी मोजे घालून फरशी आणि मोरी धुवायला त्या उत्तम. पुन्हा वितळवून वरून तेल घालून सुधारता येतात, पण आता त्यात किती कॉस्टिक शिल्लक आहे ते पुतण्याचं ब्यूरेट सांगेपर्यंत ते करू नका.

मुलीबद्दल एवढंच, की तिच्याकडून वजनं लिहून घ्या. तेल ओतताना तुम्ही काट्यावरचा आकडा मोठ्याने म्हणा आणि तिने शेजारच्या खोलीतून वहीत टिपावा. दोघांचं बोलणं बंद आहे ना, तर निकाल लिहिताना तिच्या वहीतले आकडे पुतण्याला मागावेच लागतील.

या आठवड्यात ओतलात तर संक्रांतीच्या आसपास वड्या मुरतील. परवाना असो नसो, निदान घरी वापरायला होतील. पहिली वडी कापल्यावर हळदीचा रंग कुठला आला, ते मला कळवा.